घरच्या भिंतीसाठी कॅनव्हास किट: अंकांचे, टेक्स्चरचे की वारलीचे?

बैठकीच्या खोलीत स्वतः रंगवलेले चित्र लावावे असे ठरवून बाजारात गेले, की शिकाऊ माणसासाठी मुख्यतः तीन प्रकारची किट समोर येतात: अंकांनुसार रंग भरण्याचे, टेक्स्चर आर्टचे आणि वारलीचे. ही तिन्ही मी विकत घेऊन पूर्ण केली आणि घरात लावून पाहिली. खोक्यावरचे चित्र सर्वच किटांचे सुरेख असते, त्यामुळे त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. आपला न सरावलेला हात ती शैली कितपत सांभाळून घेते, यावरच पुढे ते चित्र भिंतीवर राहणार की माळ्यावर जाणार, हे ठरते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

अंकांनुसार रंगवण्याची पद्धत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लोकप्रिय झाली; डेट्रॉइटच्या पामर पेंट कंपनीत काम करणारे डॅन रॉबिन्स यांनी ती घडवली. कॅनव्हासवर छापलेल्या प्रत्येक कप्प्यात एक अंक असतो आणि त्याच अंकाच्या डबीतला रंग तिथे भरायचा असतो. हात थोडा थरथरला तरी चित्र बिघडत नाही, कारण चार-पाच फुटांवरून पाहताना कडा एकमेकींत मिसळून जातात. मात्र पिवळा, फिकट गुलाबी असे रंग एका हातात अंक झाकत नाहीत. ते वाळू देऊन दुसरा हात द्यावाच लागतो. मी घेतलेल्या किटमध्ये कॅनव्हास गुंडाळी करून पाठवला होता आणि त्यावरच्या घड्या उलट्या बाजूने कोमट इस्त्री फिरवूनही पूर्ण गेल्या नाहीत. म्हणून थोडे पैसे जास्त पडले तरी लाकडी चौकटीवर ताणलेलाच कॅनव्हास घ्यावा. शिवाय बहुतेक किटांमध्ये युरोपातल्या गल्ल्या आणि जांभळ्या फुलांची शेतेच असतात. रंग भरताना मन फार छान रमते, परंतु तयार झालेले चित्र आपले वाटत नाही.

टेक्स्चर आर्टमध्ये पांढरी पेस्ट पॅलेट नाइफने (रंग पसरायच्या बोथट, लवचीक सुरीने) पसरून उंचवटे तयार करतात. हे चित्र प्रकाशावर जगते: खिडकीतून तिरका उजेड पडणाऱ्या भिंतीवर ते उठून दिसते, तर ट्यूबलाइटच्या अगदी समोर सपाट आणि निर्जीव वाटते. जाड थर एकदम दिल्यास तो वाळताना तडकतो, म्हणून पातळ थर एकावर एक द्यावे लागतात, आणि पेस्टच्या वजनाने पातळ कॅनव्हास मध्यभागी झोल धरतो. रस्त्यालगतच्या घरात उंचवट्यांच्या खाचांत धूळ बसते व ती मऊ ब्रशनेच काढावी लागते. अशा घरासाठी मी हा प्रकार सुचवणार नाही.

वारलीच्या किटबद्दल मात्र मला मनापासून आणि सविस्तर लिहावेसे वाटते. मुळात ही चित्रे पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतल्या वारली घरांच्या कुडाच्या भिंतींवर, शेणामातीच्या किंवा गेरूच्या सारवणावर, तांदळाच्या पिठाच्या पाण्याने आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने काढली जात. लग्नात सवाशिणी देवचौक, म्हणजे लग्नविधीचा पवित्र चौकोन, भिंतीवर लिहीत आणि त्यात पालघट ही सुफलतेची देवी असे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात हीच रेषा विधीबाहेरच्या, रोजच्या जगण्याच्या विषयांसाठी कागदावर आणि कापडावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मी घेतलेल्या किटमध्ये गेरू रंगाचा कॅनव्हास, पांढरा अ‍ॅक्रिलिक, दोन गोल ब्रश आणि एक स्टेन्सिल होते. स्टेन्सिल वापरू नये. त्यातून निघणारी सगळी माणसे सारखी दिसतात आणि चित्रातली हालचालच मरते. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे धड आणि वर छोटे वर्तुळ म्हणजे डोके, एवढे जमले की पुढचे सारे काम हातापायांच्या रेषा करतात. वरचा त्रिकोण किंचित कलता काढला, की तेच माणूस भात लावायला वाकते. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच काढताना आधी मध्यभागी तारपा वाजवणारा काढावा, मग पेन्सिलने वळत जाणारी रेष आखावी आणि तिच्यावर एकेक माणूस बसवत जावे. रंगात पाणी थेंबाथेंबाने घालावे, कारण तो ताकासारखा पातळ झाला की गेरूवर वाळताना पांढरेपणा हरवतो. दोन माणसांची उंची थोडी कमी-जास्त झाली, तरी नाचणाऱ्यांच्या रांगेत ती शोभूनच दिसते. शिकाऊ हाताला इतके सांभाळून घेणारी दुसरी शैली माझ्या पाहण्यात नाही.

माझी तक्रार आहे ती सूचनापत्रकाबद्दल. त्यात देवचौक केवळ शोभेची किनार म्हणून छापला होता आणि ही कला कोणाची, याबद्दल एक ओळही नव्हती. आपण घरी सराव करताना भातलावणी, ताडी काढणारे, तारपा असे विषय घ्यावेत व चौक ज्यांचा आहे त्यांच्याकडे राहू द्यावा, असे मला वाटते. मोठे चित्र हवे असेल, तर ते डहाणू परिसरातल्या वारली चित्रकारांकडूनच विकत घ्यावे.

कोणतेही किट घेताना कॅनव्हास अंगठ्याने मध्यभागी दाबून पाहावा. तो सैल वाटला, तर मागून पाण्याचा हलका फवारा मारून वाळू दिल्यावर बराच ताणला जातो. सोफ्याच्या वर लावायचे चित्र, किंवा चित्रांची जोडी, सोफ्याच्या रुंदीच्या साधारण दोन तृतीयांश असावी; पहिल्या प्रयत्नासाठी १२ बाय १६ इंचांचा कॅनव्हास पुरे. वारलीवर मॅट वार्निशच द्यावे, कारण चकाकीने गेरूचा मातकट पोत नाहीसा होतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नये, आणि इतर भिंतींवरही चौकटीच्या मागच्या चारही कोपऱ्यांना रबराचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळती राहते आणि कापडाला बुरशी धरत नाही.