तळघरातील रेडॉन : कोळशाची डबी, फिल्म की डिजिटल मापक?

मुंबईच्या पोटात मुख्यतः दख्खनचा बेसॉल्ट आहे आणि त्यात युरेनियमचे प्रमाण ग्रॅनाइटच्या मानाने कमी असते. मग येथे रेडॉन, म्हणजे युरेनियमच्या ऱ्हासातून तयार होणारा किरणोत्सारी वायू, मोजण्याचा खर्च कशाला, असे कोणत्याही सोसायटीला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वायू किती निघतो याइतकेच तो किती कोंडतो हेही महत्त्वाचे असते. दोन मजले खोल वाहनतळाच्या कोपऱ्यात, खिडकी नसलेल्या खोलीत एखादा पहारेकरी रोज बारा तास बसत असेल, तर न मोजताच निर्धास्त राहणे मला योग्य वाटत नाही; कारण धूम्रपान न करणाऱ्यांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाचे रेडॉन हे एक प्रमुख कारण आहे.

हवेतील रेडॉन शोषून घेणारी सक्रियित कोळशाची डबी स्वस्त असते आणि दोन ते सात दिवसांत काम संपते. मात्र कोळसा दमटपणाही शोषतो, त्यामुळे जुलैमधील मुंबईत तिच्यावर विसंबू नये. शिवाय रेडॉनचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे (तेवढ्या काळात तो निम्मा उरतो) असल्याने डबी प्रयोगशाळेत पोहोचण्यास उशीर झाला, तर मोजण्याजोगे फारसे उरत नाही.

एलआर-११५ किंवा सीआर-३९ या प्लास्टिकच्या फिल्मवर रेडॉनमधून बाहेर पडणारे अल्फा कण सूक्ष्म ओरखडे उमटवतात. ते कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने ठळक करून मोजले जातात. तिला वीज लागत नाही आणि ती साधारण तीन महिने टांगून ठेवता येते, त्यामुळे पावसाळा आणि उन्हाळा यांची स्वतंत्र सरासरी हाती येते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या सूक्ष्मछिद्री दुहेरी कपात फिल्म बसवली तर रेडॉन आणि थोरॉन हे त्याचेच अल्पायुषी रूप वेगवेगळे मोजता येतात. निव्वळ राहत्या जागेसाठी मी फिल्मच निवडेन.

तळघराची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथील एक्झॉस्ट पंखे बहुधा दिवसा चालतात आणि रात्री बंद असतात. फिल्मची सरासरी हा फरक गिळून टाकते, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाचा धोका कमी आणि दिवसपाळीच्या माणसाचा जास्त दिसू शकतो. डिजिटल मापक महाग असतो आणि त्याचे अंशांकन (कॅलिब्रेशन) वेळोवेळी करून घ्यावे लागते, पण तासागणिक नोंद तोच देतो. म्हणून वर्षभर फिल्म लावावी आणि दोन-तीन आठवड्यांसाठी मापक भाड्याने मिळाल्यास तो पहारेकऱ्याच्या खुर्चीजवळ, पंख्याच्या झोतापासून दूर ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी सुचवलेली पातळी दर घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्साराचे एकक) असून, ती शक्य नसेल तेथेही ३०० ओलांडू नये असे म्हटले आहे. रात्रीचा आकडा त्यापुढे गेला, तर पहिला उपाय म्हणून पंखे रात्रीही चालू ठेवावेत आणि मोजणी पुन्हा करावी.