सेमाग्लुटाइड इंजेक्शन: सहा महिन्यांचा अनुभव

भूक आणि वजन कमी करणारं हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून एकदा घेतोय, सुरुवात ०.२५ मिग्रॅने. सगळ्यात मोठा फरक डोक्यात पडला. आधी जेवून हात धुतले तरी पुढच्या खाण्याचाच विचार, आता ताटात अर्धं असतानाच आतून कोणीतरी बस म्हणतं आणि हात खरंच थांबतो.

जेवल्यावर आतड्यातल्या पेशी जीएलपी-१ हे हार्मोन सोडतात, ते मेंदूच्या मागच्या भागाला आणि हायपोथॅलॅमसला, म्हणजे मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागाला, पोट भरल्याचं कळवतं, पण शरीरातलं हे हार्मोन दोनेक मिनिटांत निम्मं होतं आणि त्याचीच नक्कल करणाऱ्या या औषधाला निम्मं व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून तो निरोप टिकून राहतो. म्हणजे इतकी वर्षं लोक जिला आळस, जिभेची हाव म्हणत होते ती बऱ्याच अंशी सिग्नलची गोष्ट होती, हे कळल्यावर मला रडूच आलं.

त्रास? डोस वाढवला की पहिले तीन-चार दिवस मळमळ, बद्धकोष्ठता पण. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, पण बंद केल्यावर बरंचसं परत येतं, ते आधीच विचारून घ्या.

माझ्याकडून पाचपैकी चार.