अ‍ॅम्प तापतो म्हणून उन्हाला शिव्या घालत होतो: अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीत गाडीत स्टिरिओचा आवाज मोठा करणारा, चार चॅनेलचा (चार स्पीकर वेगवेगळे चालवणारा) अ‍ॅम्प आणि आठ इंची चपटा वूफर (खालचे जाड सूर वाजवणारा स्पीकर) बसवून घेतला. आता ऑक्टोबर हीट सुरू आहे, म्हणजे मुंबईत जेवढे ऋतू असतात तेवढे सगळे पाहून झाले. आवाजाचं दोन वाक्यांत सांगतो: या किमतीत छान आहे, गायकाचा आवाज मोकळा येतो, मागे सूं-सूं ऐकू येत नाही. बाकी जे लिहायचंय ते त्याच्या तापण्याबद्दल. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण चूक तिची नव्हती. कुठल्याही क्लास एबी (जास्त तापणाऱ्या) प्रकारच्या अ‍ॅम्पचे माझ्या हातात हेच हाल झाले असते.

गाडी सीएनजी हॅचबॅक, मुलुंडला सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. डिकीचा बहुतेक भाग सिलिंडरने खाल्लेला. त्यामुळे बसवणाऱ्याने वूफर उरलेल्या कोपऱ्यात कोंबला आणि अ‍ॅम्प मागच्या सीटच्या पाठीला, डिकीच्या बाजूने, स्क्रूने ठोकला. अ‍ॅम्प आणि सिलिंडर यांच्यात जेमतेम चार बोटं जागा. वर पार्सल ट्रे. दिसायला एकदम साफसूफ, वायर कुठे दिसत नाही. मी खूश.

जानेवारी संपेपर्यंत काही झालं नाही. मार्चच्या मध्यावर एका रविवारी दुपारी पूर्व द्रुतगती मार्गालगतच्या पंपावर गॅसच्या रांगेत उभा होतो. पुढे वीसेक गाड्या. इंजिन बंद, एसी बंद, काचा खाली, गाणी मात्र चालू. दहा मिनिटांत आवाज टपकन गेला. डिकी उघडून पाहिलं तर अ‍ॅम्पवरचा हिरवा दिवा लाल झालेला. बोट लावलं आणि लगेच काढलं, तवाच होता. पंधरा मिनिटांनी आपोआप चालू झाला, सायन येईपर्यंत पुन्हा बंद.

बसवणाऱ्याला फोन केला. "साहेब, गर्मी किती आहे बघा ना. मुंबईत होतंच असं. पंखा लावा."

मलाही पटलं, कारण मार्च तसाच होता. मुंबईत मेपेक्षा मार्च-एप्रिलमधले काही दिवस जास्त भाजतात. जमिनीवरून येणारा पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो, समुद्रावरचा वारा दुपार उलटली तरी आत शिरत नाही आणि पारा वर जातो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले होते. तेव्हा दोष उन्हाचा, असं मानून मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून ८० मिलिमीटरचे दोन बारा व्होल्टचे पंखे आणले आणि अ‍ॅम्पच्या एका टोकाला लावले.

फरक? आधी वीस मिनिटांत बंद व्हायचा, आता तीस मिनिटांत. डिकीतली हवा बाहेर जायला वाटच नव्हती. पंखे तीच गरम हवा गोल गोल फिरवत बसले होते.

मग मोजायला घेतलं. दुरून तापमान दाखवणारी गन आणली (करोनात कपाळावर धरायचे ती चालत नाही, ती ४३ अंशांच्या आसपास हात टेकते). पहिल्या दिवशी तिनेही फसवलं. अ‍ॅम्पचं अ‍ॅल्युमिनियम चकचकीत, त्यावरून गन खरं तापमान वाचूच शकत नाही. हाताला चटका बसतोय आणि आकडा ४४ दाखवतोय. मग फिन्सवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर) काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला आणि त्यावर नेम धरला. आता आकडा आला ७६. माझा अ‍ॅम्प दर वेळी ७५-७६च्या आसपासच मान टाकतो. दुपारी तीन वाजता बंद गाडीतल्या डिकीची हवाच ५१ अंश भरली. म्हणजे गाणं सुरू करायच्या आधीच निम्म्याहून जास्त पल्ला गाठलेला.

तरी एक गोष्ट खुपत होती. रात्री अकरा वाजता, एसी लावून, बाहेर सत्तावीस अंश असतानाही मोठ्या आवाजात तो पाऊण तासात बंद पडायचा. मग ऊन कुठून आलं?

इथून पुढचं जरा सविस्तर सांगतो, कारण खरी मेख इथे होती.

माझा वूफर दोन कॉइलचा (आतल्या तारेच्या गुंडाळ्या), प्रत्येकी चार ओहम. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप, ते जितकं कमी तितका भार जास्त. मागचे दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे दोन्ही मिळून एक करून, वूफर त्यावर जोडलेला. अ‍ॅम्पच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय: ब्रिज केल्यावर चार ओहमच्या खाली जाऊ नका. बसवणाऱ्याने दोन्ही कॉइल पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी, जोडल्या होत्या, म्हणजे दोन ओहम. धमक जास्त येते, गिऱ्हाईक दुकानातच खूश होतं. अ‍ॅम्पच्या बाजूने बघा: ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला त्याच्या निम्मा, म्हणजे एक ओहम दिसतो. बैलगाडीत दुप्पट पोती भरून घाटात घालण्यातला प्रकार. मी कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, घेतल्या, आठ ओहम झाले. धमक कमी झाली, हे खोटं बोलणार नाही. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं वाटलं, तिसऱ्या दिवशी सवय झाली.

दुसरं, गेन. हे बटण आवाज वाढवायला असतं असा सार्वत्रिक समज आहे, माझाही होता. ते स्टिरिओचा सिग्नल आणि अ‍ॅम्प यांची जुळणी करायला असतं. माझं पूर्ण उजवीकडे होतं आणि वर बेस बूस्ट (खालचे सूर वाढवणारं बटण) १२ डेसिबलवर. १२ डेसिबल म्हणजे त्या पट्टीतल्या सुरांना जवळपास सोळा पट ताकद मागणं. ती अ‍ॅम्पकडे नसते, मग लाटेची डोकी कापली जातात, स्पीकर भाजतो आणि अ‍ॅम्पही. बूस्ट शून्यावर आणला. गेन मल्टिमीटरने लावला: स्पीकरच्या वायरी काढल्या, स्टिरिओ तीन चतुर्थांश आवाजावर ठेवला, ५० हर्ट्झचा सूर वाजवला आणि पुढच्या चॅनेलवर एसी (आल्टरनेटिंग करंट, गाडीतला एसी नव्हे) व्होल्टेज मोजत गेलो. चार ओहमवर ५० वॉट हवे असतील तर मीटरवर १४.१ व्होल्ट यायला हवेत (वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ). बटण किती मागे आलं? घड्याळाच्या भाषेत पाचवरून दहावर.

तिसरं, वायर. बोनेटपासून डिकीपर्यंत आलेली लाल वायर बाहेरून बोटाएवढी जाड. टोक सोलून पाहिलं तर आत रबरच जास्त, तार काडीएवढी, आणि तीही तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. अर्थिंग सीटबेल्टच्या बोल्टला, रंग न खरवडता. (त्या बोल्टला हात लावायलाच नको, तो जीव वाचवायला आहे.) इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, त्याच वेळी मोठ्या आवाजात अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर १२.६. सव्वा व्होल्ट वाटेतच गळत होता. गॅसच्या रांगेत इंजिन बंद असताना तर विचारायलाच नको. आता शुद्ध तांब्याची ४ गेजची जाड वायर आहे, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, आणि अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर, अ‍ॅम्पपासून दीड फुटाच्या आत. फरक आता ०.३ व्होल्टवर आलाय. वायर, फ्यूज होल्डर, लग्ज (वायरच्या टोकाच्या कड्या) मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं.

क्लास एबीचा हिशोबही सांगून टाकतो. समजा अ‍ॅम्पने बॅटरीतून २७० वॉट ओढले आणि त्याची कार्यक्षमता ५५ टक्के असली, तर दीडशे वॉटचं गाणं होतं आणि उरलेल्या १२० वॉटची शेगडी. साठचे दोन जुने पिवळे बल्ब बंद डिकीत लावून ठेवल्यासारखं. तेवढंच गाणं क्लास डी ८५ टक्क्यांनी वाजवेल तर उष्णता पंचवीस-सव्वीस वॉट. पुढचा अ‍ॅम्प मी क्लास डीच घेणार, त्यात आता वाद नाही.

एवढं झाल्यावर जागा बदलली. सिलिंडरच्या शेजारी तापणारी वस्तू आणि वायरींचा गुंता मला तसाही नको होता. पुढच्या डाव्या सीटखाली अ‍ॅम्प आणला, पितळी स्पेसरवर गालिच्यापासून दोन इंच वर. आधी तो उभा होता, पण फिन्स आडव्या पडल्या होत्या, त्यामुळे वर चढणारी गरम हवा त्यांच्यात अडकायची. आता अ‍ॅम्प आडवा आहे, फिन्स आकाशाकडे. आणि मुख्य म्हणजे एसीची हवा पायाकडे सोडली की थंड झोत थेट सीटखाली येतो. मोठे कारखाने ज्याला कूलिंग सिस्टीम म्हणतील ती गाडीत आधीच होती, फक्त एक बटण फिरवायचं होतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षा घेतली. आमच्या ढोल-ताशा पथकाच्या सरावाचं माझंच रेकॉर्डिंग, सलग पन्नास मिनिटं, मुलुंड ते वांद्रे. भावगीतात अ‍ॅम्पला श्वास घ्यायला जागा असते, ढोलात नसते, म्हणून हेच निवडलं. टेपच्या तुकड्यावर सर्वांत वरचा आकडा ५४. लाल दिवा नाही. तेव्हापासून आजवर एकदाही लागलेला नाही.

तक्रार आली ती बाबांची. ते नेहमी डाव्या सीटवर बसतात. "अरे, तुझ्या त्या डब्यासाठी माझे गुडघे गारठलेत." आता ते गाडीत असले की झोत समोर आणि आवाज निम्मा. तसंही त्यांना बातम्याच ऐकायच्या असतात.

सीटखालच्या जागेची खरी किंमत जुलैमध्ये कळली. किंग्ज सर्कलला गांधी मार्केटसमोर पाणी भरलं होतं, मागे वळायला जागा नाही. दाराच्या खालच्या कडेपर्यंत पाणी आलं आणि बघता बघता पायाखालचा गालिचा चिंब. सिग्नलला उतरून बोनेट उघडलं, मुख्य फ्यूज काढून खिशात टाकला आणि मगच पुढे निघालो. घरी येऊन टॉर्च मारला: गालिच्यात बोटभर पाणी, अ‍ॅम्पचा तळ त्याच्या वर, कोरडा. स्पेसर अर्ध्या इंचाचे घेतले असते तर गोष्ट संपली होती. गालिचा वाळायला चार दिवस लागले आणि त्या ओलीत टर्मिनलच्या स्क्रूवर हिरवट बुरशीसारखा थर आला. घासून काढला, वर थोडी व्हॅसलीन चोपडली. ज्यांच्या रस्त्यात हिंदमाता किंवा मिलन सबवेसारखी पावसात तुंबणारी जागा येते त्यांनी जूनमध्ये अ‍ॅम्प सरळ वरच्या जागी हलवावा, उन्हाळ्यापुरताच सीटखाली ठेवावा.

पंख्यांपैकी एकच ठेवलाय. ४५ अंशांना जोडला जाणारा छोटा थर्मल स्विच त्याला लावला, त्यामुळे तो फक्त गरज पडेल तेव्हा फिरतो. वीज स्टिरिओच्या रिमोट वायरमधून (अ‍ॅम्पला चालू होण्याचा इशारा देणारी) थेट घेतली नाही, ती नाजूक असते. मध्ये रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) आहे आणि एक अँपियरचा फ्यूज.

दर दोन महिन्यांनी सीट पुढे सरकवून ब्रश फिरवावा लागतो. सीटखाली किती केस, बिस्किटांचा चुरा आणि वडापावच्या पिशवीतलं शेंगदाण्याचं तिखट जमतं हे अ‍ॅम्प बसवल्याशिवाय कळत नाही. ते फिन्समध्ये बसलं की चार-पाच अंश सहज वाढतात.

परवा दुपारी, बाहेर ३६ अंश असताना, पुन्हा त्याच पंपावर रांगेत उभा होतो. आता इंजिन बंद केलं की गाणी पण बंद करतो. मोजून पाहिलं: ४३. स्विच लागायला अजून दोन अंश बाकी. पंखा मात्र आजकाल सुरू होताना टिक-टिक करतो, पावसाळ्यात बेअरिंग गेलं असणार. या वेळी बॉल बेअरिंगवाला घेईन. रविवारी लॅमिंग्टन रोड बहुतेक बंद असतो, त्यामुळे शनिवारीच जावं लागेल.