ब्रेस्ट रिडक्शन करून नऊ महिने झाले, त्याचा अनुभव

ऑक्टोबरात, शाळेला दसऱ्याची सुट्टी लागली त्या आठवड्यात माझं स्तनांचा आकार कमी करायचं ऑपरेशन झालं. आता जुलै चालू आहे. मुद्दाम एवढी थांबले. पहिल्या दोन महिन्यांत लिहिलं असतं तर "अजिबात करू नका" असंच लिहिलं असतं.

माझं वय ४४. खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. मान आणि खांदे वीस वर्षं दुखत होते. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर बोट बसेल एवढ्या खाचा पडल्या होत्या. खरा छळ पावसाळ्यात व्हायचा. आमच्याकडं जूनपासून कपडे वाळत नाहीत. छातीखालची घडी ओली राहून लाल व्हायची, चिघळायची. तिथं हातरुमालाची घडी ठेवून मी वर्गात उभी राहायचे. हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम दिले, त्वचेच्या डॉक्टरांनी मलमं. मूळ कारणाबद्दल कुणी बोललं नाही, मीसुद्धा नाही.

सासूबाई म्हणाल्या, "देवानं दिलंय ते कापून घ्यायचं कशाला गं?" मी त्यांना खांदा उघडा करून दाखवला. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत आणि पुढचे सहा आठवडे भाकऱ्या त्यांनीच थापल्या.

ऑपरेशन बेळगावात केलं. आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, झाली. आदल्या रात्री सहीचा कागद आला, तो कन्नड आणि इंग्रजीत. परिपत्रकं वाचण्याएवढं कन्नड मला येतं, पण स्वतःच्या अंगाबद्दल वाचताना अडखळले. एका मराठी सिस्टरनं ओळन् ओळ समजावली तेव्हा कळलं की स्तनाग्राची संवेदना जाऊ शकते, पुढं मूल झालं तर अंगावर पाजायला अडचण येऊ शकते. ज्यांना अजून मूल हवंय त्यांनी हे आधीच नीट विचारून घ्या. सीमाभागात हा कागद मराठीतही मिळायला हवा, हे मला मनापासून वाटतं.

तीन तास लागले. उजवीकडून ६९० ग्रॅम, डावीकडून ६४० ग्रॅम काढलं. ते तपासायला गेलं, रिपोर्ट चांगला आला. टाके तीन ठिकाणी: स्तनाग्राजवळच्या काळ्या भागाभोवती गोल, तिथून सरळ खाली, मग घडीतून आडवे. शुद्धीवर आले तेव्हा छाती ठणकत होती, पण खांद्यावरचं ओझं उतरलं होतं. जखमेतलं पाणी बाहेर यायला लावलेल्या नळ्या दुसऱ्या दिवशी काढल्या. घरी येताना गाडीचा पट्टा आणि छाती यांच्यामध्ये उशी धरली होती, तरी प्रत्येक खड्डा जाणवला.

सोळाव्या दिवशी उजवीकडचा टाका सुटला, नेमका उभी आणि आडवी रेघ मिळते तिथं. दोन रुपयांच्या नाण्याएवढी जखम, त्यातून पिवळसर पाणी. मी खूप रडले. डॉक्टर म्हणाले, तिथं ताण सगळ्यात जास्त आणि रक्तपुरवठा कमी, म्हणून बऱ्याच जणींचं तिथंच उघडतं. पाच आठवडे रोज ड्रेसिंग केलं, मग भरली. इथं एक गोष्ट कबूल करते. मी मिश्री लावत होते. तपासणीत फक्त सिगारेटचं विचारलं आणि मी मिश्रीचं बोलले नाही. दोनच आठवडे आधी बंद केली. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो. बायांनो, मिश्री निदान महिनाभर आधी सोडा आणि डॉक्टरांना आपणहून सांगा.

विम्याचे पैसे मिळाले नाहीत. "सौंदर्यासाठी" म्हणून अर्ज परत आला. खरं तर वैद्यकीय गरज असेल तर असं ऑपरेशन पॉलिसीत बसू शकतं, पण ती गरज कागदावर दाखवावी लागते. मानदुखीच्या आणि त्वचेच्या जुन्या चिठ्ठ्या मी फेकून दिल्या होत्या. तुम्ही एकही टाकू नका.

नोव्हेंबरअखेर शाळेत गेले तेव्हा हात खांद्याच्या वर उचलायची भीती वाटायची. महिनाभर फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहिलं. मागच्या बाकावरची पोरं न सांगता उभी राहून वाचायची.

आज डावं स्तनाग्र अजून बधिर आहे. व्रण गुलाबी-जांभळे आहेत, रोज सिलिकॉन जेल लावते. ते फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागेल असं सांगितलंय. मानेचं दुखणं मात्र डिसेंबरनंतर परत आलं नाही. आणि यंदाच्या पावसात घडी कोरडी आहे. रुमालांची थप्पी कपाटात पडून होती, त्यातले दोन गेल्या आठवड्यात मुलांना फळा पुसायला दिले.