गाणं कधी सुरू होणार?

हळद, बारसं, गणपतीतले कार्यक्रम अशा ठिकाणी मी बावीस वर्षं ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवतोय. आमच्या ऑर्केस्ट्रात डझनभर व्हायोलिनं आहेत आणि ती सगळी कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताच्या तीन बोटांत राहतात. 'स्ट्रिंग्स'चं बटण दाबलं की आली. म्हणून एमएफएसबी या अमेरिकन वादकसंचाची 'लव्ह इज द मेसेज' ही 1973ची तबकडी कोपरीच्या आमच्या घरी वाजली, तेव्हा कान आधी तिच्यातल्या व्हायोलिनांकडेच गेला.

तबकडी सेकंडहँड, 2,200 रुपयांची. विकणाऱ्याने पिझ्झाच्या खोक्याएवढ्या पातळ पुठ्ठ्यात पाठवली. कव्हरचा कोपरा दुमडलेला आणि तबकडी कडेला वाकलेली, त्यामुळे सुरुवातीला सुई होडीसारखी वरखाली होते. दोनदा फोन केला, उचलला नाही. असो, वाजते.

एमएफएसबी म्हणजे मदर, फादर, सिस्टर, ब्रदर. फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत बसणारी तीसेक वादकांची फौज. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ या गीतकार-निर्मात्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांमागे हेच लोक. पुढचा गायक बदलायचा, मागे हेच. या तबकडीत मात्र मागचे पुढे आलेत.

बायको पीठ मळत ऐकत होती. पहिली बाजू अर्धी झाल्यावर म्हणाली, "अहो, म्युझिक छान आहे, पण गाणं कधी सुरू होणार?" दुसऱ्या बाजूला 'टीएसओपी', म्हणजे 'द साउंड ऑफ फिलाडेल्फिया', लागलं. 'सोल ट्रेन' या टीव्ही कार्यक्रमासाठी केलेली धून, 1974 मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलेली. त्यात थ्री डिग्रीज या तिघीजणी थोडंसं गातात. म्हटलं, ऐक, आल्या. त्या आल्या आणि गेल्यासुद्धा. "एवढ्यासाठी तिघी?"

आता ड्रम. वाजवणारा अर्ल यंग. किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, चारही मात्रांवर, सरळ, कसलाही डौल न दाखवता. आणि दोन ठोक्यांच्या फटीत हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडमिट होणारी झांजांची जोडी, उघडतो, 'त्स्स', आणि लगेच मिटतो. पुढे जगभर डिस्कोचा ठोका म्हणून जे वाजलं, ते घडवण्यात या माणसाचा मोठा वाटा. माझ्या ऑक्टोपॅडवरही उघड्या हाय-हॅटचा आवाज आहे, पण तो दर वेळी तंतोतंत तोच. इथे प्रत्येक 'त्स्स' वेगळा. एखादा केसभर जास्त उघडा राहतो आणि त्या केसभराने पाय आपोआप हलायला लागतो. तेवढाच तुकडा मी पाच वेळा सुई मागे नेऊन ऐकला. वाकलेल्या तबकडीवर हे करू नये, पण केलं.

व्हायोलिनांचंही तेच. सगळे गज एकाच क्षणी सुरावर उतरत नाहीत, कुणी किंचित आधी, कुणी मागून, त्यामुळे सुराला मऊ, रुंद कड येते. आमच्या बटणातली व्हायोलिनं पट्टीने आखल्यासारखी एकदम येतात. कीबोर्डवाल्याला हे ऐकवलं, तर म्हणाला, "तेवढी माणसं आणली तर मांडवात पाहुणे कुठे बसवायचे?" मुद्दा बरोबर आहे.

व्हायब्राफोन, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य, वाजवणारा व्हिन्स मोंटाना. वाटीला चमचा हलकेच लागावा तसा त्याचा आवाज मधूनच चमकतो. त्यानेच पुढे साल्सोल ऑर्केस्ट्रा उभा केला आणि यातले बरेच जण तिकडेही वाजवू लागले. पुढची खरेदी त्यांचीच तबकडी.

सगळंच सोनं नाही. गायिका डायना रॉसच्या 'टच मी इन द मॉर्निंग'ची यांनी केलेली वादनप्रत फार गुळमुळीत आहे, मॉलच्या लिफ्टमध्ये शोभेल. 'चीपर टू कीप हर' ठीक. पैसे वसूल होतात ते दोनच ठिकाणी, शीर्षकधून आणि 'टीएसओपी'.

शेवटच्या 'बिटर स्वीट'बद्दल मत राखून ठेवतोय. तिथवर पोचेपर्यंत पाण्याची वेळ होते आणि मोटर लावायला खाली जावं लागतं.