टायर नवे, अलाइनमेंटचा कागद हिरवा, तरी गाडी डावीकडे

सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याच्याच वाटेकडे डोळे लावून बसलो होतो, म्हणून दिवाळीआधी चारही नवे टाकले, १८५/६५ आर १५. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा दोष कुठल्याही कंपनीच्या एखाद्या टायरमध्ये निघू शकतो. आवाज कमी, ओल्या रस्त्यावर पकड उत्तम, मायलेज जवळपास पूर्वीइतकंच. बाकी माहिती कंपनीच्या पत्रकात असते, ती इथे उतरवून काढत नाही.

मुद्दा एकच. गाडी डावीकडे ओढायला लागली. पुण्याहून साताऱ्याला जाताना स्टिअरिंग सतत उजवीकडे धरून ठेवावं लागे, आणि खंबाटकी येईपर्यंत खांदा भरून येई. जुन्या, झिजलेल्या टायरवर हे नव्हतं!

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: "सर, रस्त्याचा उतार आहे." उतार असतो, मान्य. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता करतात, आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे थोडी डावी ओढ सगळ्याच गाड्यांना असते. पण सकाळी लवकर, सपाट रिकाम्या रस्त्याच्या बरोब्बर मध्यावरून नेली तरी हीच कथा. थंड टायरमध्ये चारीकडे हवा मोजली, सगळीकडे सारखीच, ३३ पीएसआय. मग उतार माझ्या गाडीलाच कसा सापडतो?

पुन्हा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन तपासून जुळवणं. पुन्हा पैसे. हातात रंगीत कागद, टो (चाकं पुढून आत-बाहेर किती वळलीत) हिरवा, कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर किती कललंय) हिरवा, "एकदम परफेक्ट आहे सर." कागद घरी आणून चष्मा लावून वाचला तर कॅस्टरच्या, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं तो पुढे-मागे किती कललाय त्याच्या, दोन्ही चौकटी रिकाम्या! कॅस्टर मोजायला चाकं टर्न प्लेटवर, म्हणजे फिरत्या तबकड्यांवर, ठेवून स्टिअरिंग दोन्हीकडे वळवावं लागतं. त्याला दोन-तीन मिनिटं जातात, म्हणून ते टाळतात. बरं, पुढच्या चाकांच्या टोने स्टिअरिंग वाकडं दिसतं आणि टायर कडेने खातात, पण गाडी सहसा ओढत नाही. ओढ येते ती डाव्या-उजव्या कॅम्बरमधल्या किंवा कॅस्टरमधल्या फरकाने. आणि आपल्या बहुतेक हॅचबॅकना पुढे फक्त टो सेट करता येतो, टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) फिरवून. म्हणजे जे बिघडलेलं नाही ते पुन्हापुन्हा सरळ करायचे मी पैसे मोजत होतो. तेव्हाच या टायरना एक तारा देऊन मोकळा झालो होतो.

मग गॅरेजवाला. त्याने न बघताच दोन्ही लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारे खालचे दांडे, बदलायचं कोटेशन काढलं. म्हटलं, आधी दाखव. लिफ्टवर घेऊन त्याने टॉमी (लोखंडी पहार) घातली, आर्मचे रबरी बुश हलेनात, रबराला चीर नाही. "पण पुढे जाईलच ना," म्हणे. गेलं की बघू. ब्रेक चिकटतोय का तेही पाहिलं. ब्रेक फारसा न लावता गाडी फिरवून आणली आणि दोन्ही पुढच्या रिमजवळ हात नेला. सारख्याच कोमट. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) जाम असता तर डावी रिम चांगलीच तापली असती आणि मायलेजही पडलं असतं.

शेवटी उपाय सांगितला तो कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने, स्टेपनीत हवा भरता भरता. "काका, पुढची दोन चाकं आपसात बदलून बघा की." नक्षीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असता तर हे करता आलं नसतं, माझ्या टायरना तो नाही. चाकं बदलली, आणि गाडी उजवीकडे ओढायला लागली! उतार डावीकडे असतानाही उजवीकडे. दोष चाकाबरोबर चालत गेला, म्हणजे गाडी निर्दोष आणि एक टायर गुन्हेगार. बनवताना आतला स्टीलचा पट्टा किंचित एका बाजूला सरकला की असा टायर आडवा घरंगळणाऱ्या चहाच्या कागदी कपासारखा गोल फिरू बघतो. बाहेरून काही दिसत नाही, बॅलन्सिंगच्या साध्या मशीनवर कळत नाही, अलाइनमेंटच्या कागदावर तर मुळीच नाही. कोणता टायर ते शोधायला मागचं एकेक चाक पुढे आणलं. मूळचा डावा पुढचा मागे गेल्याबरोबर ओढ संपली. मागच्या चाकावर त्याचा प्रभाव जाणवण्याइतका पडत नाही.

इथे माझं मत बदललं. उरलेले तीन टायर खरंच चांगले आहेत. घाटात भर पावसात ब्रेक दाबला तरी गाडी सरळ रेषेत थांबते, आणि केबिनमध्ये रेडिओचा आवाज कमी करावा लागला.

वॉरंटीचा दावा मात्र दुकानाने आधी घेतलाच नाही. अदलाबदल करून, दुकानदाराला गाडीत बसवून, स्टिअरिंगवरचे हात सोडून दाखवल्यावर त्याने कंपनीचा माणूस बोलावला. त्या माणसाने नक्षीची खोली मोजली, टायर मान्य केला, आणि जितकी नक्षी झिजली तितके पैसे कापून नवा दिला. दोषी टायर माझ्याकडे आला, झीज त्यांच्याच चालढकलीत झाली, आणि वजावट माझ्या खिशातून. वर अलाइनमेंटचे पैसे परत नाहीत, "सर्व्हिस तर दिली ना."

टायरला चार तारे. दुकानाला एक, तोही पाणी विचारलं म्हणून. तुमची गाडी ओढत असेल तर हवा तपासा, मग पुढची चाकं आपसात बदला, पंक्चरवाल्याला चहापाण्याचे द्या. ओढ बाजू बदलत नसेल तरच अलाइनमेंटला जा, आणि कॅस्टरची चौकट भरल्याशिवाय बिल देऊ नका.