रिंगणात कोणाला कोणती जागा

अमळनेरला आमच्या घरी नेटफ्लिक्सवर डब्ल्यूडब्ल्यूई हा ठरवून रचलेल्या कुस्त्यांचा अमेरिकी कार्यक्रम नियमाने पाहिले जाते, आणि या कार्यक्रमाचे परीक्षण करताना माझा पहिला निकष हाच आहे की, त्यात कोणाच्या वाट्याला कोणती भूमिका येते. २०१९ च्या रेसलमेनियात, म्हणजे त्यांच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या सोहळ्यात, कृष्णवर्णीय कोफी किंग्स्टनने अजिंक्यपद पटकावले आणि २०२१ च्या दोन रात्रींच्या रेसलमेनियात बियांका बेलेअर व साशा बँक्स या दोन कृष्णवर्णीय स्त्रियांनी पहिल्या रात्रीची शेवटची, म्हणजे मानाची, लढत खेळली, हे मला फार मोलाचे वाटते. भारतीयांच्या बाबतीत मात्र मन भरत नाही. २०१७ मध्ये भारतीय वंशाचा जिंदर महल अजिंक्य ठरला खरा, पण परक्या, उर्मट महाराजाचा जुनाच साचा त्याला देण्यात आला. त्याच वर्षी भारताची कविता देवी डब्ल्यूडब्ल्यूईच्या ‘मे यंग क्लासिक’ या महिलांच्या स्पर्धेत केशरी सलवार-कमीज घालून रिंगणात उतरली. ती पहिल्याच फेरीत हरली. तरीही गावच्या यात्रेतल्या दंगलीत कडेला उभी राहून आजवर केवळ मुलांच्याच कुस्त्या पाहत आलेल्या माझ्या पुतणीने ती लढत मोबाइलवर तीनदा लावली, आणि तिसऱ्या वेळी ओढणी कंबरेला गच्च बांधून ती उभीच राहिली.